हौसाक्कांचे गुरुवार

“डोळं मिटलं म्हंजे मी झोपले असं न्हवं,” हौसाक्का म्हणाल्या. “तू सांग.”

मी सांगतच होते. गेली पंधरा मिनिटं सांगत होते. मांडीवर फाईल, फाईलीत टाइप केलेली आठ पानं आणि समोर पोत्यावर मांडी घालून बसलेली सत्तरीची बाई. तिचे डोळे मिटलेले आणि उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली. मुठीत ज्वारीचे दाणे होते. मी बोलायला सुरुवात करायच्या आधी त्यांनी हातातली चामड्याची वेणी बाजूला ठेवली, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, डब्यातून चिमूटभर दाणे घेतले आणि मूठ मिटली. हे काय चाललंय ते मला कळेना.

वर पत्र्याला बारीक भोकं होती. त्यांतून ऊन गळत होतं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर नाण्याएवढे ठिपके सरकत होते. परसातल्या हौदातून बाभळीच्या सालीचा वास येत होता, कडू आणि जरासा गोड. चैत्रातली दुपार होती. मलाच पेंग यायला लागली होती.

“कोॲग्युलेशन म्हणजे आक्का, रक्ताची जी...”

“थांब.” डोळे मिटलेलेच. “कचेरीतल्या कारकुनागत बोलू नगंस. रगतात काय हुतं, त्येवढं सांग. कहाणी सांगत्यात तसं सांग.”

“कहाणी?”

“आमची आई श्रावणात कहाणी ऐकाय बसवायची. मुठीत दाणं धराय लावायची. मोकळ्या हातानं ऐकल्यालं ऱ्हात न्हाई म्हणायची. मी दाणं धरून बसलीया आन् तू कचेरी लावलीयास.”

मी फाईल मिटली. वय वर्षं तेवीस, एम. एस्सी.ला विद्यापीठात दुसरी आलेली, आणि रक्त या विषयावर मला एक वाक्य धड बोलता येत नव्हतं.

या घरी मी हौसेनं आले नव्हते. विद्यापीठात जीवरसायनाच्या संशोधनासाठी एक वृत्ती होती, शेवंता सातपुते संशोधनवृत्ती. सापाच्या विषावर काम करणाऱ्याला मिळायची. शेवंता ही हौसाक्कांची मुलगी. सोळाव्या वर्षी नदीकाठी बाभळीची साल गोळा करताना तिला घोणस चावली आणि त्यातच ती गेली. आक्कांचा नवरा त्याआधीच गेलेला. पुढं वीस वर्षांनी त्यांची कातडी कमवायची जागा रस्त्यात गेली आणि मोबदला मिळाला, तेव्हा हौसाक्का तडक विद्यापीठात गेल्या. चपलांच्या वेण्या घालून पोट भरणाऱ्या बाईनं सगळीच्या सगळी रक्कम पुढं ठेवली, तेव्हा म्हणे कुलसचिव खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

पण बाईंनी एक अट घातली. संशोधन करणाऱ्यानं दर गुरुवारी देणगीदाराच्या घरी जाऊन आपण काय केलं ते सांगायचं. आणि वर्षाच्या शेवटी ‘मला समजले’ या ओळीखाली तिचा अंगठा उठला, तरच पुढचं वर्ष. विद्यापीठाच्या कचेरीत ही अट वाचून सगळे पोट धरून हसले होते. माझे मार्गदर्शक निगुडकर सर मात्र हसले नव्हते. ते म्हणाले होते, “कुंदा, लेक ज्या विषानं गेली त्यावरचं औषध म्हातारीला हवंय. तिला आशा दाखवत राहा, म्हणजे झालं.”

वडिलांनी मला एका वर्षाची मुदत दिली होती. वृत्ती पुढं चालू राहिली तर पीएचडी, नाही तर गावी परत. तिथं शाळेत नोकरी आणि एक स्थळ, दोन्ही तयार होतं. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या बाईच्या अंगठ्यात अडकलं होतं, आणि ती डोळे मिटून बसली होती.

“रक्तात कोष्टी राहतात,” मी म्हटलं.

कुठून सुचलं देव जाणे. हौसाक्कांच्या कपाळावरची आठी मात्र गेली.

“हं.”

“एरवी ते गप्प असतात. कुठं कापलं, फाटलं, की धावत जातात आणि जाळं विणतात. त्या जाळ्यात रक्त अडकतं आणि थांबतं.”

“मग घोणस?”

“घोणस चावते तेव्हा तिचं विष कोष्ट्यांना भूल घालतं. सांगतं, विणा. इथं विणा, तिथं विणा. कुठं फाटलेलं नसतं, तरी ते विणत सुटतात. विणता विणता सगळं सूत संपतं. आणि मग कुठंतरी खरंच फाटतं...”

“तवा सूतच नसतं,” हौसाक्का म्हणाल्या.

उन्हाचा एक ठिपका त्यांच्या पायावर चढला आणि उतरला. मग त्या उठल्या, दारात गेल्या आणि मुठीतले दाणे अंगणात उधळले. चिमण्या वाट बघतच होत्या.

“ऐकल्यालं पाखरांस्नी दिलं की पोचतं,” त्या म्हणाल्या. “पुढल्या बेस्तरवारी ये.”

असे ते गुरुवार सुरू झाले. आज मागं वळून बघताना ते एकच मोठी दुपार असावेत असं वाटतं. बसमधून उतरायचं, चपलांच्या दुकानांची रांग ओलांडून गल्लीत शिरायचं. दारादारांत बाया वेण्या घालत बसलेल्या असायच्या, कुणाच्या ओसरीवर नव्या चपला उन्हात मांडलेल्या असायच्या, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. त्या कुठंतरी निघाल्या आहेत आणि माणसं मागून येणार आहेत, असं मला वाटायचं. आक्का मला गूळपाणी द्यायच्या. मग हात धुऊन, दाणे घेऊन बसायच्या.

“कोष्ट्यांचं काय झालं?” हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

मी सांगायची. सरकारी दवाखान्यात साप चावलेली माणसं यायची, त्यांच्या रक्ताचा नमुना मला मिळायचा. ते रक्त काचेच्या कोरड्या नळीत ठेवायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग नळी हळूच तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर जागचं हलत नाही. विषानं सूत संपवलं असेल तर पाण्यासारखं वाहतं.

“मला दाव,” आक्का एकदा म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी मी नळी आणि सुई घेऊन गेले. स्वतःच्या दंडाला दोरी बांधून स्वतःचं रक्त काढलं, नळीत घातलं आणि नळी खिडकीत उभी केली. वीस मिनिटं आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. इतकी मोठी वीस मिनिटं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. शेजारच्या घरात कुणीतरी लाकडी हातोडीनं चामडं ठोकत होतं. ठक, ठक, मग थांबणं, मग ठक. आक्कांनी नळीवरची नजर काढली नाही. मला मधेच डुलकी लागली, आणि स्वप्नात तांबड्या अंधारात मागांची लांबच लांब रांग दिसली. धोटे इकडून तिकडे जात होते, पण आवाज मात्र हातोडीचा येत होता.

“झाली येळ,” आक्कांनी माझ्या गुडघ्याला हात लावला.

मी नळी तिरकी केली. रक्त हललं नाही.

“तुजं कोष्टी चांगलं हाईत,” आक्का म्हणाल्या, आणि बोळकं तोंड उघडून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

चहा झाला, गप्पा झाल्या. निघताना नळी उचलली, तर गोठलेला गोळा आक्रसला होता आणि त्याच्या वर पिवळसर पाणी सुटलं होतं. आक्कांनी ते उजेडात धरून पाहिलं.

“ह्या पाण्यात कोष्टी हाईत?”

“नाहीत. सगळे जाळ्यात अडकले. या पाण्याला आता काही केलं तरी ते गोठायचं नाही.”

“नुसतं रिकामं पाणी,” त्या म्हणाल्या. बहुतेक स्वतःशीच.

पावसाळा गेला, हिवाळा आला. आणि माघात कधीतरी मला माझं झाड सापडलं. एका वैदूनं त्याची साल दाखवली होती. झाडाचं नाव मुद्दामच सांगत नाही. नाही तर आजही कुणीतरी ती साल उकळून पाजेल. सालीचा अर्क काढला, दवाखान्यातून आलेलं एक रक्त घेतलं, जे वीस काय चाळीस मिनिटांतही गोठलं नव्हतं, आणि त्यात अर्काचे चार थेंब टाकले.

तीन मिनिटांत नळीत गोळा झाला. तिरकी केली, उलटी केली, तरी हलेना.

मी ते पाच माणसांच्या रक्तावर केलं. पाचही वेळा तेच. निगुडकर सर एरवी फार मोजकं बोलायचे. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. बंगळूरला परिषद होती, तिथं निबंध पाठवायचं ठरलं. दोन दिवसांत त्यांनी तो लिहून टपालात टाकलासुद्धा. मी वसतिगृहात परत जाताना रस्त्याच्या मधून चालत होते, आणि मागून येणारे सायकलवाले घंटी वाजवून दमले.

गुरुवारी मी आक्कांच्या गल्लीत जवळजवळ धावतच शिरले. वर्षाचा शेवटचा महिना होता. पिशवीत अंगठ्याचा कागद आणि शाईचं पॅड होतं.

“कोष्ट्यांचं काय झालं?”

“आक्का, कोष्ट्यांना सूत मिळालं!”

मी सगळं सांगितलं. वैदू, झाड, साल, चार थेंब. कहाणी रंगवायला मी आता चांगली शिकले होते. सूत संपलेल्या कोष्ट्यांच्या दारात एक झाड येऊन उभं राहतं आणि आपली साल सोलून देतं, असं काहीबाही मी बोलत होते.

आक्कांनी डोळे उघडले. कहाणी अर्धी असताना त्यांनी डोळे उघडलेले मी कधी पाहिलं नव्हतं.

“कशी साल?”

“म्हणजे?”

“तुरट हाय?”

“हो. जिभेला लावली तर तोंड आवळतं.”

त्या उठल्या आणि मला परसात घेऊन गेल्या. हौदात तांबूस काळं पाणी होतं, बाभळीची साल आणि हिरडा घातलेलं, आणि त्यात कातडी पडली होती. त्यांनी एका कातड्याचं टोक वर ओढलं.

“चोळून बघ. आलं तवा लिबलिबीत हुतं. सालीनं आवळलं. मेल्यालं कातडं हाय हे. ह्यात कुठलं आलंय कोष्टी?”

मी ते टोक बोटांत चोळून पाहिलं.

“त्या पिवळ्या पाण्यात तुजी साल टाकलीस का? रिकाम्या पाण्यात? तिथं बी गोळा झाला, तर ते काम कोष्ट्यांचं न्हवं. सालीचं.”

मी ते केलं नव्हतं. साधी गोष्ट, पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचावी अशी, आणि मला सुचली नव्हती, सरांनाही नव्हती. निबंध तर बंगळूरच्या वाटेवर होता. हौदाच्या कडेला पदर खोचून, तांबड्या पाण्यानं मनगटापर्यंत रंगलेल्या हातांची एक निरक्षर म्हातारी उभी होती आणि ती मला माझी चूक दाखवत होती. लाज वाटली, पण लाजेपेक्षा राग जास्त आला, हे आज कबूल करायला हरकत नाही.

“टाकली होती,” मी म्हटलं. “काही झालं नाही. पाणी पाण्यासारखंच राहिलं.”

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, हातातलं कातडं ठिबकून संपेपर्यंत.

“बरं,” त्या म्हणाल्या.

आम्ही आत आलो. मी कागद काढला.

“आज नगं. पुढल्या बेस्तरवारी.”

बस सुटल्यावर माझ्या लक्षात आलं. आक्का दारात गेल्या नव्हत्या. मुठीतले दाणे त्यांनी परत डब्यात ओतले होते. अंगणात चिमण्या तशाच थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत कुणी यायच्या आत गेले. स्वतःचं रक्त काढून गोठू दिलं आणि वर सुटलेलं पिवळं पाणी काढलं. त्यात चार थेंब टाकले आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिले. बाहेर माळी पाइपानं गुलाबांना पाणी घालत होता. मी मनात काय म्हणत होते ते आठवतंय. राहू दे, पाणीच राहू दे.

वळले तेव्हा नळीत गोळा झाला होता. भुरा, जाडसर. काडीनं दाबला तर हौदातल्या कातड्यासारखा लागला. मी माझंच रक्त कमावलं होतं.

सरांनी नळी पाहिली आणि खुर्चीत मागं टेकले. बराच वेळ ते चष्मा पुसत होते.

“वर्ष गेलं,” मी म्हटलं.

“जात नाही असं. नळीत जे दिसलं ते दिसलं. निबंधात आपण तेवढंच लिहिलंय, खोटं काही लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी हा प्रयोगही करू, पद्धतशीर करू.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण त्याला पुढचं वर्ष हवं ना? आधी अंगठा आण. म्हातारीला वाटू दे औषध सापडलंय. तिलाही बरं वाटेल, तुझंही काम होईल. यात कुणाचं वाईट होतंय, सांग.”

खरं सांगायचं तर मला ते पटलंच. आठवडाभर मी स्वतःला तेच घोकून दाखवत होते. वडिलांचं पत्र आलं होतं, त्यात स्थळाकडचे लोक कधी येणार ते लिहिलं होतं. झोपेत मला माग दिसायचे. कोष्टी विणत असायचे, आणि जवळ जाऊन पाहिलं तर मागावर सूतच नसायचं. नुसते हात हलत असायचे.

गुरुवारी हौसाक्कांनी नेहमीसारखं गूळपाणी दिलं, हात धुतले, दाणे घेतले आणि पोत्यावर बसल्या. मी कागद आणि शाईचं पॅड आधीच बाहेर काढून ठेवलं होतं.

“कोष्ट्यांचं काय झालं?” त्यांनी विचारलं आणि डोळे मिटले.

काय बोलायचं ते मी बसमध्ये पाठ केलं होतं. पण त्या मिटल्या डोळ्यांसमोर ते येईना. कुणी आपल्यासमोर असे डोळे मिटून बसलं की त्यानं आपलं सगळं आपल्या हवाली केलेलं असतं. वर्षभर हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पत्र्यातून ऊन गळत होतं. शेजारची हातोडी थांबली होती.

“कोष्ट्यांना सूत मिळालं नाही, आक्का,” मी म्हटलं.

त्या हलल्या नाहीत.

“मागच्या खेपेला मी खोटं बोलले. रिकाम्या पाण्यात साल टाकली नव्हती. दुसऱ्या दिवशी टाकली. गोळा झाला. ते जाळं नव्हतं, कातडं होतं. माणसाच्या अंगात ही साल गेली तर काही उपयोग नाही, उलट जीव जाईल.”

“म्हंजे औशिद न्हाई.”

“नाही.”

“वरीसभर केल्यालं?”

“वाया गेलं.”

मला वाटलं आता त्या ओरडतील, किंवा रडतील. मी पिशवीत कागद कोंबायला लागले. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मी मान वर केली. आक्का उठल्या होत्या. त्या दारात गेल्या, मूठ उघडली आणि दाणे अंगणात फेकले. चिमण्यांचा एकच गलका झाला.

परत येऊन त्यांनी माझ्या पिशवीतून कागद काढला, सरळ केला, जमिनीवर ठेवला आणि पॅडवर अंगठा दाबला.

“आक्का, हे कशाला? औषध सापडलं नाही म्हटलं ना.”

“औशिद घावलं का, असं लिवलंय व्हय हितं?”

“नाही. ‘मला समजले’ असं लिहिलंय.”

“मग समाजलं की.” अंगठा उठला. सालीनं रंगलेल्या त्या अंगठ्याच्या रेषा शाईत फार स्पष्ट उमटल्या.

“तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, मी खोटं बोलतेय ते.”

“बोट कापलं की आमी सालीच्या पाण्यात बुडवतो, जखमंचं पिवळं पाणी बी आवळून बसतं. जनम गेला त्यात. साल पडली आन् पाणी तसंच ऱ्हायलं, असं हुईल व्हय?”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तू आपणहून सांगतीस का, बघत हुते.”

त्यांनी चामड्याची वेणी हातात घेतली, पण घातली नाही. नुसती मांडीवर धरून बसल्या.

“शेवंतीला मोठ्या दवाखान्यात नेली,” त्या म्हणाल्या. वर्षभरात त्यांनी हे नाव पहिल्यांदाच माझ्यासमोर घेतलं होतं. “दोन दिस मी भायेर पायरीवर. डागदर यायचं, जायचं. आपसांत विंग्रजीत बोलायचं. मी इचारलं की म्हणायचं, बरी हाय, बरी हाय. तिच्या हिरड्यांतनं रगत येत हुतं, मला दिसत हुतं. तरी म्हणायचं, बरी हाय मावशी, तुमी घरला जाऊन या, कायतरी खाऊन या. तिसऱ्या दिशी सकाळच्या पारी शेवंती मला म्हणाली, आये, जवळ बस. मी म्हटलं, डागदर म्हणत्यात बरी हायस तू, मी बिगीनं भाकरी करून आणते. तुला आवडती तशी, कडक.”

त्यांनी वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“भाकरी घिऊन आले तर खाट मोकळी. झाडणारी बाई म्हणाली, तुमची पोरगी व्हय? ती तर मगाशीच... मला भाकरी ऊन लागत हुती हाताला, येवढीच येळ झाली हुती.”

अंगणात चिमण्या टिपत होत्या.

“खातरीचं औशिद त्या वक्ताला नव्हतंच, असं नंतर कळलं. नसंल. त्येचा मला राग न्हाई. घावंल तवा घावंल, तुमी हुडकालच. पर कुणी येकानं माज्याजवळ बसून सांगिटलं असतं, की मावशी, रगतातलं सूत संपलंय, आमच्या हातात काय ऱ्हायलं न्हाई, तर मी उठले असते व्हय तिथनं? तिच्या उशाला बसले असते. भाकरी करत बसले नसते, पोरी.”

मग त्यांनी वेणी घालायला घेतली.

“म्हणून पैका दिला,” त्या म्हणाल्या. “सांगाय शिकावं कुणीतरी.”

बंगळूरचा निबंध सरांनी तार करून मागं घेतला. मी त्यांना गुरुवारचं सगळं सांगितलं तेव्हा ते खिडकीशी उभे होते. वळले नाहीत, नुसतं म्हणाले, “पत्ता दे तिचा. एका गुरुवारी मीही येतो.” आणि आले. पोत्यावर मांडी घालताना त्यांची फार पंचाईत झाली. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्या सालीवर आहे, ती फसवी का आहे यावर. वडिलांनी स्थळ परत पाठवलं, आणि वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. हौसाक्का आणखी अकरा वर्षं जगल्या. त्यांच्यामागं अटीतला अंगठा कुणाचा घ्यायचा असा पेच पडला, तेव्हा मीच सुचवलं, गल्लीतल्या कुठल्याही बाईचा. अजून पोरं जातात. बाया वेण्या बाजूला ठेवून, हात धुऊन, दाणे घेऊन बसतात. समजलं नाही तर अंगठा देत नाहीत. दोघातिघांना परत पाठवलंय त्यांनी.

मी पुढं विद्यापीठात राहिले नाही. दवाखान्याच्या रक्ततपासणीत गेले, आणि निवृत्त झाल्यावरही आठवड्यातले तीन दिवस जाते.

मागच्या महिन्यात एक बाई आणली होती. उसात खुरपताना घोणस चावलेली, यायला फार उशीर झालेला. विषावरची लस चालू होती. मी नळी लावली आणि वीस मिनिटं तिच्यासमोर बसून राहिले. अजूनही मला त्या वेळात दुसरं काही करता येत नाही. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. कुठंतरी कुणीतरी काहीतरी ठोकत होतं. मग मी नळी तिरकी केली, आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं.

बाहेर व्हरांड्यात तिचा नवरा उभा होता, साठीचा माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो निघायच्या तयारीत होता.

“म्हशीची धार काढायची ऱ्हायलीया,” तो म्हणाला. “जाऊन येतो बिगीनं. बरी हाय न्हवं ती? मगाशी कोण तर म्हणालं, बरी हाय म्हणून.”

“बसा जरा,” मी म्हटलं आणि बाकावर त्याच्या शेजारी बसले. “रक्तात कोष्टी असतात, मामा.”

त्यानं ऐकून घेतलं. सूत संपलंय म्हटल्यावर टॉवेल काढून हातात घेतला.

“वाचंल का?”

“माहीत नाही. औषध चालू आहे, पण उशीर झालाय. कळेल तसं मीच येऊन तुम्हाला सांगेन. धार शेजारी काढतील, मामा. तुम्ही आत जा आणि तिच्या उशाला बसा.”

तो उठला. दाराशी चपला काढल्या, जुन्या, कातड्याच्या, पुष्कळदा शिवलेल्या, आणि आत गेला. मी दारातून पाहिलं. त्यानं स्टूल ओढून घेतलं, बायकोच्या केसांवरून हात फिरवला, आणि ती डोळे न उघडताच काहीतरी पुटपुटली. तो ऐकायला खाली वाकला.

मी दुसरी नळी लावायला गेले.